एका वेलीचीं अनेक नांवें

ठाणें जिल्ह्यांत शीळ नांवाचें एक जुनें गांव आहे. परंतु आज त्या गांवाचें नांव सर्वतोमुखीं झालें आहे तें गांवामुळें नव्हे, तर तेथल्या फाट्यामुळें. कल्याण-डोंबिवलीकडून येणारा रस्ता येथें मुंब्र्याहून पनवेलकडे व पुढें पुण्याकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्याला मिळतो, आणि महाप्याकडून येणारा नव्या मुंबईचा रस्ताही त्यांना येऊन भिडतो. नाशिक-खानदेशाकडून निघालेला माल भिवंडी ओलांडून, मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालून तुर्भ्याच्या घाऊक बाजाराकडे जातो, तोही बहुधा याच वाटेनें. फाल्गुन सरत आला कीं या मालांत खरबुजांच्या गाड्या दिसूं लागतात, आणि फाट्यावरच्या हातगाड्यांवर पिवळट, जाळीदार फळांचे ढीग रचले जातात.

अशा एखाद्या गाडीपाशीं घटकाभर उभें राहणाऱ्यास भाषेचा एक मौजेचा पाठ फुकटांत मिळतो. विकणारा उत्तरेकडचा, तो ‘खरबूजा’ म्हणून ओरडत असतो. मूळची मालवणकडची एखादी बाई पुढें होऊन विचारते, “दादा, चिबूड केवढ्याक?” जळगांवाकडचा गृहस्थ म्हणतो, “भाऊ, डांगर गोड निघेल ना?” तें ऐकून शेजारीं उभा असलेला पुणेकर गाडीवर लाल भोपळा कोठें आहे तें शोधूं लागतो. गुजराती दुकानदार ‘टेटी’ मागतो. आणि हेंच फळ चकचकीत वेष्टनांत बांधून शहरांतल्या मोठ्या दुकानांत मांडलें, म्हणजे त्यावर ‘कँटालोप’ अशी चिठ्ठी लागते. फळ एक, गिऱ्हाइकें पांच, आणि नांवेंही पांच.

‘फाटा’ या शब्दाला मराठींत दोन अर्थ आहेत. मुख्य रस्त्यापासून निघालेली वाट हा एक फाटा. आणि बोलतां बोलतां मूळ मुद्द्याला जें वळण लागतें, तोही एक फाटा. खरबुजाच्या नांवांना या दोन्ही अर्थांनीं फाटे फुटले आहेत. कित्येक नांवें एकाच वस्तूचीं आहेत. कित्येक वेळां एकच नांव निरनिराळ्या वस्तूंना लागलें आहे. आणि कांहीं ठिकाणीं नांवांतला भेद हा वस्तूंतलाच खरा भेद आहे. हे तीन प्रकार निवडून वेगळे केले नाहींत, तर नुसता शब्दांचा घोटाळा होऊन भागत नाहीं. शेतकऱ्याचा हंगाम बुडतो, आणि एखादें पिढीजाद बियाणें कायमचें नाहींसें होतें. म्हणून हा विषय केवळ कोशकारांपुरता नाहीं.

प्रथम त्या वेलीची ओळख करून घेणें इष्ट होईल. काकडी, दुधी, दोडका, कलिंगड हीं ज्या कुळांतलीं, त्याच कुळांतली ही वेल. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यानें १७५३ सालीं तिला ‘कुकुमिस मेलो’ असें शास्त्रीय नांव दिलें. यांतला ‘कुकुमिस’ हा शब्द काकडीच्याही शास्त्रीय नांवांत येतो. म्हणजे काकडी ही खरबुजाची सख्खी नसली, तरी चुलत बहीण खरी. वेल एका हंगामापुरतीच जगते. ती जमिनीवर पसरते, आणि आधार सांपडला तर तणाव्यांनीं धरून वर चढते. पानें लवदार, फुलें लहान व पिवळीं. एकाच वेलीवर दोन प्रकारचीं फुलें येतात. पहिलीं केवळ नर. दुसरीं बहुतेक जातींत उभयलिंगी व कांहींत केवळ मादी असतात. फळ धरतें तें या दुसऱ्या प्रकारच्या फुलांना. येथला पराग जड व चिकट असल्यामुळें वाऱ्याचा कांहीं उपयोग होत नाहीं. मधमाशी आली तर फळ. नाहीं तर नुसती वेल.

काकडीच्या पेशींत गुणसूत्रांच्या सात जोड्या असतात, खरबुजाच्या पेशींत बारा. त्यामुळें या दोघांचा संकर शेतांत होत नाहीं. शेजारीं काकडी लावल्यानें खरबूज फिकें होतें अशी एक समजूत ऐकूं येते, ती निराधार आहे. परंतु खरबूज, चिबूड व शेंदाड यांचा आपसांत मात्र संकर सहज होतो. कारण शास्त्राच्या दृष्टीनें तीं सारीं एकच जात होय. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें महत्त्व कळून येईल.

एकाच जातीनें इतकीं रूपें धारण केलेलीं पाहून शास्त्रज्ञही गोंधळून गेले होते. कोणतें फळ लिंबाएवढें, तर कोणतें भोपळ्याएवढें. कोणतें सापासारखें लांब, कोणतें आंबट, कोणतें गोड, तर कोणतें नुसत्या वासासाठीं जवळ बाळगण्याजोगें. फ्रान्समधील नॉदँ नांवाच्या शास्त्रज्ञानें देशोदेशींचीं बियाणीं मिळवून पॅरिस येथें त्यांच्या वेली लावून पाहिल्या, आणि १८५९ सालीं त्यांचे दहा वर्ग पाडले. पुढच्या संशोधकांनीं त्या वर्गांत फेरफार केले, तरी आजचें वर्गीकरण त्याच पायावर उभें आहे. ही वेल मूळची आफ्रिकेंतली, असें पुष्कळ वर्षें मानीत असत. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानें तिचे जवळचे रानटी नातलग आशिया व ऑस्ट्रेलिया या खंडांत असल्याचें दाखवून दिलें, आणि त्यानंतरच्या संशोधनानें ती आफ्रिकेंत व आशियांत निरनिराळ्या वेळीं स्वतंत्रपणें लागवडीस आली असें दिसून आलें. तात्पर्य, भारत हा या वेलीचा पाहुणचार करणारा देश नसून तिचें एक माहेरघर आहे.

मग ‘खरबूज’ हें नांव बाहेरचें कसें? तो शब्द फारसी ‘खर्बुझा’ यावरून आलेला आहे. फारसींत ‘खर’ म्हणजे गाढव. आणि एखादी वस्तु मोठी आहे हें दाखवावयाचें असतां तो शब्द तिच्या नांवापूर्वीं जोडीत असत. सशाला ‘खरगोश’ म्हणतात, तें त्याचे कान गाढवासारखे लांब म्हणून. फळाची साल खरबरीत असते म्हणून तें खरबूज, असें मराठी मनुष्यास सहज वाटतें. पण ही व्युत्पत्ति मागाहून सुचलेली आहे, खरी नव्हे. ‘टरबूज’ हाही त्याच घराण्यांतला शब्द. फारसींत ‘तर’ म्हणजे ओलें, रसाळ.

फारसी नांव इकडे रूढ झालें, याचें कारण मध्य आशियांतील खरबुजांची कीर्ति. इब्न बतूता हा प्रवासी १३३३ सालीं हिंदुस्थानांत आला. ख्वारिझमच्या खरबुजांच्या फोडी उन्हांत वाळवून, टोपल्यांत भरून हिंदुस्थान व चीन या देशांपर्यंत नेल्या जात, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. त्यानंतर सुमारें दोनशें वर्षांनीं बाबरानें येथें राज्य स्थापिलें. परंतु या देशांत चांगलीं खरबुजें मिळत नाहींत ही त्याची तक्रार कायम होती. एक खरबूज कापतांना मायदेशाच्या आठवणीनें डोळे भरून आले, असें त्या कठोर योद्ध्यानें स्वतःच नमूद केलें आहे. पुढें बल्खच्या एका माळ्याकडून त्यानें आग्र्याच्या बागेंत खरबुजें लावून घेतलीं, आणि तीं चांगलीं निघालीं याचें त्यास मोठें समाधान वाटलें. अशा रीतीनें बाहेरचें गोड फळ आलें, आणि त्याबरोबर त्याचें नांवही आलें.

परंतु त्यापूर्वीं येथल्या वेलींना नांवेंच नव्हतीं, असें मुळींच नाहीं. संस्कृत कोशांत व निघंटूंत ‘षड्भुजा’, ‘षड्रेखा’, ‘मधुफला’, ‘वृत्तकर्कटी’ अशीं नांवें आढळतात. वृत्तकर्कटी म्हणजे वाटोळी काकडी. षड्रेखा म्हणजे जिच्या अंगावर सहा रेघा आहेत अशी. फळ पाहूनच हीं नांवें ठेविलीं असलीं पाहिजेत. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें आपल्या ‘भावप्रकाश’ ग्रंथांत ‘दशांगुल’ हें संस्कृत नांव देऊन त्याच्याच शेजारीं ‘खर्बूज’ हा शब्दही बसविला आहे, आणि तें फळ मूत्रल, बलकारक, थंड, पण पचावयास जड असल्याचें सांगितलें आहे. परका शब्द संस्कृत श्लोकांत जाऊन बसला, याहून तो रुजल्याचा दुसरा पुरावा कोणता हवा?

जुना देशी शब्द मात्र वेगळाच आहे, आणि तो कोंकणानें जतन केला. संस्कृतांत ‘चिर्भट’ व ‘चिर्भटिका’ असे शब्द आहेत. त्यांचेच वंशज म्हणजे मराठींतलें ‘चिबूड’ आणि गुजराथींतलें ‘चीभडुं’. ‘कुंपणानेंच शेत खाल्लें’ असें मराठींत म्हणतात. गुजराथींत त्याच अर्थानें कुंपणच चिभडें गिळतें असें म्हणतात. ज्या अर्थीं ही म्हण तिकडे घरोघर चालते, त्या अर्थीं कुंपणाआंतलें पीक म्हटलें कीं चिभडेंच आठवावें, इतकें तें फळ तिकडे परिचयाचें होतें. कारवार-मंगळुराकडील कानडींतही ‘चिब्बड’ हा शब्द चालतो. म्हणजे गुजराथेपासून कानड्यापर्यंत सबंध किनाऱ्यानें हा एकच शब्द संभाळलेला आहे. घाटावर गेलें कीं तो लुप्त होतो. देशावरच्या शेतकऱ्यापुढें ‘चिबड’ म्हटलें, तर त्याच्या डोळ्यांपुढें पाणी तुंबून नासलेली जमीन उभी राहते. आणि या वेलीला तर तसली जमीन मुळींच मानवत नाहीं!

‘डांगर’ या शब्दाची गंमत याहूनही अधिक आहे. खानदेशांत व वऱ्हाडांत डांगर म्हणजे खरबूज. पुण्या-साताऱ्याकडे डांगर म्हणजे लाल भोपळा. आणि स्वयंपाकघरांत डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचें तोंडीलावणें. घरांत तीन प्रांतांच्या तीन सुना असल्या, आणि सासूबाईंनीं ‘डांगर करा’ एवढेंच सांगितलें, तर पानांत काय पडेल याचा नेम नाहीं. कलिंगडाचीही गोष्ट तशीच. कोंकणांत व मुंबईंत जें कलिंगड, तेंच वऱ्हाडांत टरबूज. पण ती वेल निराळ्या जातीची आहे, खरबुजाशीं तिचें नातें दूरचें.

युरोपांतही नांवांचा हाच गोंधळ आढळतो. इटलींत रोमजवळ कांटालुपो नांवाचें स्थान आहे. तेथें पूर्वीं पोपची बाग होती, व आर्मेनियाकडून आणलेल्या बियाण्यापासून तेथें हीं फळें निपजलीं, असें परंपरेनें सांगतात. त्या स्थानावरून ‘कँटालोप’ हें नांव पडलें. हें युरोपीय फळ शिरांचें असून त्याच्या सालीवर गांठी असतात, जाळी नसते. परंतु अमेरिकेंत जाळीदार सालीच्या निराळ्याच खरबुजाला लोक कँटालोप म्हणूं लागले, आणि अमेरिकेच्या व्यापाराबरोबर तेंच चुकीचें नांव जगभर पसरलें. शीळफाट्यावरच्या जाळीदार खरबुजाला कँटालोप म्हटलें, म्हणजे तें अधिक उच्च प्रतीचें ठरतें अशी कोणाची समजूत असल्यास, तें नांव मुळांतच दुसऱ्याचें आहे हें त्यानें ध्यानांत घ्यावें.

येथपर्यंत झाला तो शब्दांचा विचार. आतां वस्तूंतील भेदाकडे वळणें अवश्य आहे. कारण चिबूड व खरबूज हीं एकाच जातीचीं असलीं, तरी एकच वस्तु नव्हेत.

खरबूज हें कोरड्या हवेचें व उन्हाचें लेंकरूं. महाराष्ट्रांत त्याची जुनी जागा म्हणजे नद्यांचीं वाळवंटें. पावसाळा संपून पात्रांतलें पाणी ओसरलें कीं वाळूंत चर खणावयाचे, त्यांत खत व माती भरावयाची, आणि थंडीच्या दिवसांत बीं टोकावयाचें. वरची वाळू उन्हानें तापते, खालची ओल मुळांना पुरते, आणि चैत्र-वैशाखांत फळें तयार होतात. भोई समाजांतील कुटुंबांनीं या वाड्या पिढ्यान् पिढ्या केल्या. पुढें नद्यांवर धरणें झालीं, पात्रांतली वाळू उपसली जाऊं लागली, आणि त्या वाड्यांची जागा आकसत गेली. आजचें खरबूज बहुतांशीं शेतांतलें असतें: गादीवाफ्यावर प्लॅस्टिकचें आच्छादन, त्याखालून ठिबकाचें पाणी, आणि दरवर्षीं नवें विकत घेतलेलें संकरित बियाणें. अडीच-तीन महिन्यांत पीक हातीं येतें.

चिबडाचें सारेंच याच्या उलट. पहिला पाऊस पडून गेल्यावर अंगणाच्या कडेला, शेताच्या बांधावर किंवा डोंगरउताराच्या निचऱ्याच्या जमिनींत आळें करून बीं घालतात. ज्या मुसळधार पावसांत जाळीदार खरबूज बुरशी येऊन कुजून जाईल, त्याच पावसांत चिबडाची वेल फोफावते. श्रावण-भाद्रपदांत फळें येतात. साल गुळगुळीत, पिवळी, कधीं हिरवट पट्ट्यांची. गर मऊ, पिठूळ आणि गोडीला बेताचाच. पूर्ण पिकल्यावर कित्येकदां फळ आपोआप तडकतें, आणि त्याचा सुवास घरभर दरवळतो. तें नुसतें खाण्याचें फळच नव्हे. त्याच्या फोडींवर गूळ किंवा साखर पेरावी, वर नारळाचें दूध घालावें, म्हणजे त्याची खरी लज्जत कळते. मंगळुराकडे यालाच चिबडाचें रसायन म्हणतात. गोमंतकांत गणेशचतुर्थीला मूर्तीच्या वर जी माटोळी बांधतात, तींत इतर रानफळांबरोबर चिबूडही मानानें टांगलेलें असतें.

हा भेद विसरला म्हणजे काय होतें? खरबूज समजून चिबूड घेणारा गिऱ्हाईक पहिला घांस घेतांच तोंड वाकडें करतो, आणि ‘हें फळच फिकें’ असा निकाल देतो. दोष फळाचा नसतो, त्यानें मनांत धरलेल्या नांवाचा असतो. अशीं दहा गिऱ्हाइकें परत गेलीं कीं विकणारी बाई पुढच्या वर्षीं चिबूड बाजारांत आणीत नाहीं. उलट, ‘खरबूज म्हणजेच चिबूड’ असें मानून कोंकणांतील एखाद्या शेतकऱ्यानें विकतचें खरबुजाचें बियाणें मृगाच्या पावसावर पेरलें, तर त्याचे पैसे व कष्ट दोन्हीं पाण्यांत जातात. शब्दांतली ढिलाई अशी खिशाला येऊन भिडते.

प्रसंगोपात्त गिऱ्हाइकांच्या उपयोगाच्या दोन गोष्टी येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. जाळीदार खरबूज पूर्ण पक्व झालें म्हणजे देंठापासून सहज सुटतें, व देंठाच्या जागीं स्वच्छ वाटोळी खांच राहते. देंठ कापून काढलेला दिसला, तर फळ अगोदर तोडलें असें समजावें. तोडल्यावर तें घरीं ठेवून मऊ होईल, पण अधिक गोड होणार नाहीं. कारण पुढें साखर व्हावी असा पिठाचा सांठा त्यांत नसतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जाळीच्या खाचांत माती व रोगजंतु दडून राहतात, आणि कापतांना सुरीबरोबर आंत जातात. २०११ सालीं अमेरिकेंत अशा दूषित खरबुजांमुळें सांथ उद्भवून ३३ माणसें दगावलीं. म्हणून फळ कापण्यापूर्वीं वाहत्या पाण्याखालीं चोळून धुवावें, व कापलेलें फार वेळ उघडें ठेवूं नये. एरवीं हें फळ मोठें गुणकारी आहे. शंभर ग्रॅम गरांत सुमारें नव्वद ग्रॅम पाणीच असतें. नारिंगी गरांत ‘अ’ जीवनसत्त्वाचें मूळद्रव्य विपुल असतें. बियाही वायां जात नाहींत. खरबूज, कलिंगड, काकडी व भोपळा यांच्या सोललेल्या बिया मिळून हलवायाचे ‘चार मगज’ होतात.

आतां ज्या गोष्टीचें महत्त्व पुढें कळेल असें वर म्हटलें, तिच्याकडे येण्यास हरकत नाहीं. चिबूड, शेंदाड आणि खरबूज हीं एकाच जातीचीं असल्यामुळें मधमाशी त्यांच्यांत भेद करीत नाहीं. एका शेतांत संकरित खरबूज व बांधापलीकडे घरचें चिबूड असलें, आणि दोन्हीं एकाच वेळीं फुलावर आलीं, तर चिबडाच्या बियांत खरबुजाचा अंश शिरतो. त्या वर्षीं फळांत कांहींच फरक दिसत नाहीं. दुसऱ्या वर्षीं तेंच बीं पेरलें म्हणजे वेली भलत्याच निघतात. जुन्या चिबडाचा आकार जातो, वास जातो, पावसाला तोंड देण्याची ताकदही जाते. संकरित फळाचें बीं राखून ठेवावें, तर तेंही मूळच्या गुणांचें निघत नाहीं. अशा रीतीनें जुनें बिघडतें आणि नवें टिकत नाहीं.

यावर जुन्या बायकांपाशीं एक साधा उपाय होता. वेलीवरचें पहिलें, निरोगी, चांगल्या घाटाचें फळ बियाण्यासाठीं राखून ठेवावयाचें. पिकल्यावर बीं धुऊन राखेंत घोळावयाचें, आणि तें शेणाच्या गोळ्यांत घालून भिंतीला थापावयाचें. पुढच्या पावसाळ्यांत भिंतीवरून काढून आळ्यांत पेरावयाचें. तें बियाणें शेजारणीला, माहेरीं, लेकीच्या सासरीं जात असे, आणि जातांना त्याबरोबर त्याचें नांवही जात असे. आज ठाणें-कल्याणच्या या पट्ट्यांत भातखाचरांच्या जागीं गोदामें व उंच गृहसंकुलें उभीं राहत आहेत. शीळ, डायघर, खिडकाळी, देसाई या गांवांच्या वेशी एकमेकींना केव्हांच मिळाल्या. नव्या घरांना गिलावा आहे, रंग आहे. पण शेणाचा गोळा थापण्याजोगी भिंत नाहीं, आणि आळें करण्याजोगा बांधही नाहीं. ज्याचें बियाणें भिंतीवर होतें, त्यानें जावें कोठें?

एवढ्याशा फिक्या फळासाठीं इतका शोक कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर अमेरिकेच्या इतिहासांत सांपडतें. कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यांत खरबुजांचें मोठें पीक होत असे. १९२५ च्या सुमारास तेथें भुरी नांवाचा रोग पडला, आणि मळेच्या मळे पांढरे पडून वाळूं लागले. तेथल्या शास्त्रज्ञांनीं निरनिराळ्या देशांचीं बियाणीं पेरून पाहिलीं. या रोगाला न जुमानणारी वेल निघाली ती भारतांतून आलेल्या बियाण्याची. त्या वेलीचें फळ खाण्याच्या दृष्टीनें कांहीं विशेष नव्हतें. पण तिचा गुण अमेरिकी खरबुजांत संकरानें उतरविला, आणि १९३६ सालीं भुरीला दाद न देणारी नवी जात शेतकऱ्यांच्या हातीं आली. एक सबंध उद्योग सांवरला तो भारतांतल्या एका अनामिक शेतकऱ्याच्या बियाण्यानें.

याहूनही चमत्कारिक गोष्ट शेंदाडाची. शेंदाड हें याच जातीचें, पिकतांच तडकून फुटणारें फळ; देशावर व वऱ्हाडांत खरिपाच्या पिकांतून आपोआप उगवून येतें. दिसावयास तें गोंडस, पण बोट लावतांच चिरफळ्या. म्हणून जो दिसण्यांत रुबाबदार पण प्रसंगीं कच खाणारा, त्याला मराठीनें ‘शेंदाडशिपाई’ हें नांव बहाल केलें. परंतु भारतांतून परदेशीं गेलेल्या याच वर्गांतील एका बियाण्यांत माव्याच्या किडीला, भुरीला आणि वेलींना पिवळें पाडणाऱ्या एका घातक विषाणूलाही तोंड देण्याची शक्ति आढळून आली, आणि जगभरचे संशोधक तें बियाणें आजवर वापरीत आले आहेत. गोड गोड खरबुजें ज्या शत्रूपुढें माना टाकतात, त्याच्यापुढें पाय रोवून उभा राहणारा कोण, तर हा शेंदाडशिपाई! भाषेनें ज्याला भित्रा ठरविलें, तोच कुळाचा रक्षणकर्ता निघाला.

म्हणून कोणतें बियाणें उद्यां कोणत्या संकटांत कामास येईल हें आज फळाच्या गोडीवरून ठरवितां येत नाहीं. तें राखलें पाहिजे. आणि राखावयाचें तर त्याचें नांव आधीं राखलें पाहिजे. ही नुसती भावनेची गोष्ट नव्हे, कायद्याचीही आहे. २००१ सालच्या वनस्पति वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमानें शेतकऱ्याला आपलें बियाणें राखण्याचा, पुन्हां पेरण्याचा, देण्याघेण्याचा व कोणत्याही कंपनीची नाममुद्रा न लावतां विकण्याचाही हक्क दिला आहे. आणि परंपरेनें जपलेलें वाण शेतकऱ्यांच्या नांवानें नोंदविण्याची सोयही ठेविली आहे. त्या नोंदीसाठीं वाणाला स्वतःचें असें नांव असावें लागतें. दिल्लींत १९७६ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय वनस्पति आनुवंशिक संसाधन संस्थेच्या बीजकोशांतही बियाणें दाखल होतें, तें त्याचें स्थळ व स्थानिक नांव यांच्या नोंदीसह. ज्या वाणाला सारेच ‘खरबूज’ म्हणूं लागले, त्याची वेगळी नोंद कोणी कशी करावी? ज्याला नांव उरलें नाहीं, तें हरवलें तरी हरवलें असें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

पूर्वीच्या अठरापगड नांवांऐवजीं एकच ‘प्रमाण’ नांव चालवावें, म्हणजे सोय होईल, असें एक मत आहे. बाजाराच्या पावतीपुरतें तें ठीक आहे. परंतु डांगर, शेंदाड, चिबूड हे शब्द म्हणजे भाषेंतला केरकचरा नव्हे. कोणती वेल कोणत्या जमिनींत, कोणत्या पावसांत तग धरते, याचें शेंकडों वर्षांचें ज्ञान एकेका शब्दांत साठविलेलें आहे. शब्दांचे फाटे बुजवून एकच सडक केली, तर प्रवास जलद होईल हें खरें. पण त्या फाट्यांवर वसलेलीं गांवें ओस पडतील.

शीळफाट्यावरच्या त्या हातगाडीपाशीं पुन्हां एकवार वळूं गेल्यास, ती मालवणची बाई तेथेंच उभी दिसेल. जाळीदार फळाला तिनें चिबूड म्हटलें, तें शास्त्राच्या दृष्टीनें फारसें चुकीचें नाहीं. पण तिला हवें होतें तें फळ तें नव्हे, हें तिलाही पहिल्या घांसाबरोबर कळून येईल. भाद्रपदांत गणपतीसाठीं ती गांवीं जाईल, तेव्हां परत येतांना पिशवींत एखादें खरें चिबूड आणील. तें कापून गुळाबरोबर मुलांना द्यावें, आणि त्यांना नांव सांगतांना ‘गांवचें खरबूज’ असें न सांगतां चिबूड म्हणूनच सांगावें. बिया मात्र केरांत टाकूं नयेत. धुऊन, सावलींत वाळवून, राखेंत घोळून त्या कागदाच्या पुडींत ठेवाव्या, आणि पुडीवर गांवाचें व फळाचें नांव लिहावें. पुढच्या जूनमध्यें ज्या कोणाच्या दारांत हातभर माती असेल, त्याच्या हातीं ती पुडी द्यावी. एवढें झालें, तर वेलही राहील, आणि तिचें नांवही राहील.